लेझरच्या काचेवरचा डाग: शोधायचा कसा, ओळखायचा कसा

कौलारू घरात दुपारी फटीतून कवडसा उतरतो, तेव्हा त्यात तरंगणारी धूळ कणाकणाने दिसते. खोलीतला दिवा लावला की तीच धूळ दिसेनाशी होते. कण तेच, डोळे तेच. बदलतं ते एवढंच, की उजेड कुठून येतोय आणि त्याच्यामागे अंधार आहे की नाही. मोठ्या ऊर्जेच्या लेझरमधल्या आरशा-लेन्सवरचं नुकसान शोधायचं निम्मं काम या कवडशानेच होतं.

हा लेख पल्स लेझरच्या (सलग नव्हे, तर क्षणिक झटक्यांत प्रकाश सोडणाऱ्या लेझरच्या) प्रयोगशाळेत नुकत्याच पाय ठेवलेल्यांसाठी आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असो, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असो, नाहीतर एखाद्या विद्यापीठातला एकुलता एक निओडिमियम-याग लेझर असो, काचा तपासण्याची रीत सगळीकडे जवळपास सारखीच आहे. उदाहरणासाठी मी १०६४ नॅनोमीटरचा, ५ ते १० नॅनोसेकंदांच्या पल्सचा, काहीशे मिलिजूलचा याग लेझर धरतो, कारण बहुतेकांचा हात आधी त्याच्यावरच बसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठीच आहेत. नुसता डाग दिसला यावरून फार थोडं कळतं. काल तो तिथे होता का आणि केवढा होता, हे माहीत असेल तरच आज काय करायचं ते ठरवता येतं.

आधी लेझर पूर्ण बंद

तपासणी लेझर बंद ठेवूनच करायची. शटर लावलं म्हणजे लेझर बंद झाला असं नाही. चावी काढून खिशात टाका, कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची खात्री करा, आणि खोलीत दुसरं कुणी असेल तर त्याला मोठ्याने सांगा. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याची भिंगं तो थेट पडद्यावर एकवटतात. टॉर्च घेऊन लेन्समध्ये डोकावणाऱ्या माणसाकडून चूक झाली, तर ती दुरुस्त करता येत नाही.

अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट काढून ठेवा. धातू काचेला लागला की ओरखडा उठतो, आणि एरवी त्याच धातूवरून बीम भलतीकडे उडू शकतो. हातात पावडर नसलेले नायट्राइल ग्लोव्ह्ज घाला. ऑप्टिक, म्हणजे आरसा, लेन्स, विंडो असं जे काही बीमच्या वाटेत बसवलंय ते, नेहमी कडेने धरा. खाली मऊ, धागे न सुटणारं कापड पसरलेलं असू द्या, कारण कितीही सराव झाला तरी कधीतरी काच हातातून निसटतेच.

काचेवर किती भार पडतोय

नुकसान शोधण्याआधी ते कुठे होण्याची शक्यता जास्त आहे ते काढा. त्यासाठी एकच हिशेब लागतो, फ्लुएन्सचा, म्हणजे एका पल्समध्ये एका चौरस सेंटिमीटरवर किती जूल पडतात याचा. बीम गाउसियन, म्हणजे मधोमध सगळ्यात तेज आणि कडेकडे मंदावत जाणारा, असेल तर मधोमधचा फ्लुएन्स सरासरीच्या दुप्पट असतो. ऊर्जेला दोनाने गुणायचं आणि पाय (π) गुणिले बीमच्या त्रिज्येच्या वर्गाने भागायचं. ५०० मिलिजूलची पल्स आणि ४ मिलिमीटर त्रिज्या असेल, तर उत्तर येतं सुमारे २ जूल प्रति चौरस सेंटिमीटर. हाच बीम लेन्समधून जाऊन २ मिलिमीटर त्रिज्येचा झाला, की त्या जागी ठेवलेल्या आरशावर ८ जूल पडतात. त्रिज्या निम्मी, भार चौपट. नवखी माणसं लेन्सनंतरचा आरसा थोडा पुढे सरकवताना हे हमखास विसरतात.

आता उत्पादकाने दिलेली नुकसानाची मर्यादा पाहा, म्हणजे किती फ्लुएन्सपर्यंत काच टिकते ते. समजा तिथे लिहिलंय १० जूल प्रति चौरस सेंटिमीटर, १०६४ नॅनोमीटर, १० नॅनोसेकंद. तुमची पल्स ५ नॅनोसेकंदांची असेल, तर हा आकडा तसाच धरू नका. नॅनोसेकंदांच्या टप्प्यात ही मर्यादा ढोबळमानाने पल्सच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे १० चे साधारण ७ होतात. तरंगलांबी कमी केली, ५३२ किंवा ३५५ वर गेलात, तर मर्यादा बहुधा आणखी उतरते. शिवाय खऱ्या बीममध्ये कुठेतरी तापलेले ठिपके असतातच. म्हणून मी हिशेबाने आलेल्या आकड्याच्या निम्म्यावरच थांबतो. मर्यादेच्या सर्वांत जवळ असलेली दोन-तीन ऑप्टिक्स कागदावर लिहून ठेवा. रोज आधी तीच पाहायची.

पहिला फोटो पहिल्या शॉटच्या आधी

शॉट म्हणजे लेझरची एक पल्स सोडणं. त्याआधी काचेचा फोटो काढायचा, पण बहुतेक प्रयोगशाळांत ही पायरी गाळली जाते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

नवी कोरी काचसुद्धा पूर्ण निर्दोष नसते. तिच्यावर पॉलिशचे बारीक ओरखडे आणि खळगे असतात, आणि किती चालतील ते विकणाऱ्याने आधीच सांगितलेलं असतं. कागदावर ‘२०-१०’ किंवा ‘६०-४०’ असे जोडआकडे दिसतील. त्यातला दुसरा आकडा खळग्याचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे १० असेल तर ०.१ मिलिमीटरचा खळगा चालतो, ४० असेल तर ०.४ मिलिमीटरचा. पहिला आकडा ओरखड्याचा. तो रुंदी सांगत नाही, नमुन्याच्या ओरखड्याशी डोळ्यांनी ताडून ठरवलेली ठळकता सांगतो. दोन्ही आकडे एकाच मापात वाचायची चूक सर्रास होते.

सांगायचा मुद्दा असा, की ०.१ मिलिमीटरचा खळगा तुम्हाला सहा महिन्यांनी दिसला, तर तो जन्मापासूनचा की लेझरने केलेला, हे पहिला फोटो नसेल तर कुणीच सांगू शकत नाही. म्हणून ऑप्टिक डबीतून काढल्यावर, माउंटमध्ये बसवायच्या आधी, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कडेवर पेन्सिलने छोटी खूण करा आणि ती खूण फोटोत वर, बारा वाजायच्या जागी येईल असं पाहा. पुढे प्रत्येक डागाची जागा घड्याळाच्या काट्यासारखी सांगता येते: चार वाजताच्या दिशेला, मध्यापासून ६ मिलिमीटरवर.

मोबाइलचा कॅमेरा चालतो. फक्त फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, फोन स्टँडवर लावा, अंतर आणि दिव्याची जागा टेबलावर टेपने आखून ठेवा. दर वेळी उजेड वेगळा पडला, तर दोन फोटोंमध्ये डाग वाढला की नुसता जास्त चमकला, ते ठरवता येत नाही.

कवडसा तयार करा

खोली अंधारी करा. ऑप्टिकच्या मागे काळा मखमली कागद किंवा काळं फोम बोर्ड ठेवा. एक जोरदार एलईडी टॉर्च घ्या आणि तिचा झोत काचेला जवळजवळ चाटून जाईल असा तिरपा टाका. झोत काचेवरून परावर्तित होऊन ज्या बाजूला जातो, त्या बाजूला डोळा नेऊ नका. तिथून नुसता दिव्याचा झगमगाट दिसतो, आणि तो डोळ्यांना बराही नाही. दुसऱ्या बाजूने पाहा. आता गुळगुळीत काच काळी दिसेल, आणि जिथे काहीही खडबडीत आहे तिथून प्रकाश विखरून चमकेल. टॉर्च हळूहळू गोल फिरवा, कारण ओरखडा एका दिशेने झगमगतो आणि दुसऱ्या दिशेने गायब होतो. गोल खळगा मात्र सगळीकडून सारखाच चमकत राहतो. एवढ्या एका खुणेवरूनही पुष्कळ उलगडा होतो.

या उजेडात केसाच्या जाडीहून लहान ठिपकेही साध्या डोळ्यांना दिसतात. पण दिसतो तो ठिपका आहे एवढंच कळतं. त्याचा आकार विखुरलेल्या प्रकाशाने फुगून दिसतो, म्हणून माप यावरून घेऊ नका.

विंडो (बीम आरपार जाऊ देणारी सपाट काच) किंवा जाड प्लेट असेल आणि तिच्या कडा पॉलिश केलेल्या असतील, तर आणखी एक युक्ती आहे. दिवा तोंडावर न टाकता कडेतून आत सोडा. काचेचा वक्रीभवनांक १.५ असेल तर सुमारे ४२ अंशांहून जास्त तिरपा प्रकाश पृष्ठभागातून बाहेर पडूच शकत नाही, तो आतल्या आत उड्या मारत राहतो. जिथे तडा किंवा टवका असेल तिथे मात्र त्याला वाट मिळते आणि ती जागा ताऱ्यासारखी लुकलुकते. धुळीचा कण काचेला अगदी दोन-चार टोकांनीच टेकलेला असतो, म्हणून तो या उजेडात फिका राहतो. बोटाचा तेलकट ठसा मात्र काचेला चिकटलेला असतो, तो चमकू शकतो. तेवढी सावधगिरी बाळगा.

धूळ की जखम

ठिपका दिसला की लगेच पुसायला धावू नका. आधी फोटो, मग रबरी फुग्याने किंवा कोरड्या, गाळलेल्या नायट्रोजनने हलकी फुंकर. तोंडाने कधीच फुंकायचं नाही, थुंकीचे बारीक कण बसतात आणि पुढच्या पल्सला तिथेच जळतात. ठिपका हलला तर धूळ होती.

हलला नाही तर द्रावणाची पाळी. लेन्स टिश्यू काचेवर अलगद पसरायचा, त्यावर शुद्ध अ‍ॅसिटोन किंवा मिथेनॉलचा एक थेंब सोडायचा आणि टिश्यू एकाच दिशेने, न दाबता, ओढून काढायचा. टिश्यूचा वापरलेला भाग पुन्हा काचेला लावायचा नाही. घासणं तर नाहीच. उघड्या सोन्या-चांदीच्या थराच्या आरशांना आणि ग्रेटिंगना (बारीक समांतर रेघा कोरलेल्या ऑप्टिकना) हे काहीही करू नका, तिथे फुंकरीपुढे जायचं नाही. केडीपीसारख्या (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) स्फटिकांना ओलावा सोसत नाही, त्यांच्याकडे वरिष्ठांना विचारल्याशिवाय टिश्यू नेऊच नका.

यानंतरही ठिपका जागच्या जागी असेल, तर ती जखम आहे असं धरून पुढे चला.

पुढची बाजू की मागची

इथे मी स्वतः एक आठवडा घालवला आहे. एका प्रयोगात शेवटच्या लेन्सनंतरची ऊर्जा थोडी थोडी उतरत होती. रोज सकाळी मी टॉर्च मारायचो, मधोमध एक ठिपका दिसायचा, मी पुढची बाजू पुसायचो. चार वेळा पुसली. ठिपका जात नव्हता, म्हणून वाटलं कोटिंगला (काचेवरच्या पातळ लेपाला) लागलेला हट्टी डाग असेल. पाचव्या दिवशी लेन्स उतरवून उलटी केली, तर मागच्या पृष्ठभागावर दीड मिलिमीटरचं विवर, कडेने शिंपल्यासारखे टवके उडालेले, आणि आत काचेत शिरलेले तडे. पहिल्याच दिवशी मागची बाजू पाहिली असती, तर तो डाग सुईच्या टोकाएवढा असतानाच सापडला असता.

आरपार जाणाऱ्या ऑप्टिकमध्ये बाहेर पडण्याची बाजू बहुधा आधी फुटते, आणि त्याला कारण आहे. काचेतून हवेत जाताना थोडा प्रकाश परत आत फिरतो, आणि पृष्ठभागापाशी आत येणाऱ्या लाटेशी त्याची कला (फेज) जुळते. दोन्हींची बेरीज होऊन तिथली तीव्रता वाढते. कोटिंग नसलेल्या १.५ वक्रीभवनांकाच्या काचेत ती प्रवेशाच्या बाजूपेक्षा सुमारे १.४४ पट होते. त्यातून फुटताना पुढच्या बाजूचा प्लाझ्मा (तापून विद्युतभारित झालेला वायू) उरलेल्या पल्सला बाहेरच अडवतो. मागच्या बाजूला मात्र सगळी ऊर्जा काचेच्या आतून येऊन त्या जागेवर आदळत राहते.

बाजू ओळखायची सोपी रीत मायक्रोस्कोपवर आहे. आधी पुढच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या धुळीच्या कणावर फोकस करा, मग डागावर. फोकसची नळी किती सरकली ते वाचा. काच ६ मिलिमीटर जाड आणि वक्रीभवनांक १.५ असेल, तर मागच्या पृष्ठभागापर्यंत जायला नळी ४ मिलिमीटरच सरकते, कारण काच खरीपेक्षा पातळ भासते. ४ आलं तर डाग मागे आहे, शून्य आलं तर पुढे. मधेच २ आलं तर डाग काचेच्या पोटात आहे. पोटातला डाग केसासारख्या बारीक रेघेचा असेल, तर बीम काचेतच स्वतःहून एकवटला आहे, आणि लेझरची तीव्रता कमी करण्यावाचून इलाज नाही.

मायक्रोस्कोपखाली काय दिसतं

नुकसानाची मर्यादा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत, आयएसओ २१२५४ आणि त्याआधीच्या ११२५४ मध्ये, नोमार्स्की पद्धतीच्या मायक्रोस्कोपला मोठं स्थान आहे, १०० ते १५० पट वाढीच्या आसपास. हा मायक्रोस्कोप पृष्ठभागाचा किंचितसा उतारही रंगाच्या फरकाने दाखवतो. साध्या उजेडात सपाट वाटणारा डाग इथे उंचवटा आहे की खळगा, ते समजतं. तो नसेल तर लांबून फोकस होणारा साधा मायक्रोस्कोप आणि तिरपा दिवाही बरंच काम भागवतो.

कोटिंगचे पोपडे निघाले असतील, तर कड तुटक आणि रंगीत दिसते, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखी. थर बसवताना आत राहिलेला कण उडून गेला असेल, तर छोटा, गोल, नीटस खळगा उरतो. असे खळगे कधी कधी वर्षानुवर्षं तसेच राहतात. नुसता करपल्यासारखा रंग बदललेला गोल डाग दिसला, तर तिथे प्लाझ्मा होऊन गेलाय, काच शाबूत असू शकते. आणि मधे चुरडलेला गाभा, भोवती टवके, खाली तडे असं दिसलं, तर ती वाढणारी जखम आहे.

सगळ्यात मोठा व्यास मोजा. नुसतं ‘लहान’ किंवा ‘मोठा’ लिहू नका, मायक्रोमीटरमध्ये लिहा.

लेझर चालू असताना

आता गॉगल घालून, सगळे नियम पाळून. शॉट पडताना एखाद्या काचेपाशी ‘टक’ असा बारीक आवाज आला किंवा पांढरी ठिणगी दिसली, तर ताबडतोब थांबा आणि शॉटचा क्रमांक लिहा. कधी नुसती धूळ जळून गेलेली असते. पण त्याच जागी दुसऱ्यांदा ठिणगी उडाली, तर धूळ नक्कीच नाही.

बीमचा छोटासा हिस्सा कॅमेऱ्यावर घेत असाल, तर प्रतिमेत गोल कडी शोधा, पाण्यात खडा टाकल्यासारखी. समांतर बीममध्ये ती एखाद्या ठिपक्याची सावली असते. ठिपका जितका दूर, तितकी कडी मोठी. १०६४ नॅनोमीटरला १ मीटर दूरच्या ठिपक्याची कडी साधारण १ मिलिमीटर त्रिज्येच्या घरात असते, आणि अंतर चौपट झालं की त्रिज्या दुप्पट. नेमकं ऑप्टिक कोणतं ते शोधायला ऊर्जा अगदी कमी करा आणि एकेक विंडो किंवा आरसा त्याच्याच प्रतलात किंचित सरकवा. ज्याच्याबरोबर कडी सरकेल, ते अपराधी. काहीच सरकवून कडी हलली नाही, तर डाग कॅमेऱ्याच्या फिल्टरवर किंवा सेन्सरवर आहे.

आणखी पुढची पायरी म्हणजे ऑप्टिकवर सतत एक लहानसा लाल हीलियम-निऑन बीम ठेवायचा आणि त्यातून विखुरणारा प्रकाश फोटोडायोडने मोजायचा. पृष्ठभाग बिघडला की पुढच्याच क्षणी तो आकडा उडी मारतो.

मोठ्या यंत्रातही रीत हीच

कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत नॅशनल इग्निशन फॅसिलिटी आहे. तिथे १९२ बीम आहेत. ५ डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी लक्ष्यावर २.०५ मेगाजूल ऊर्जा टाकून संमीलनातून ३.१५ मेगाजूल मिळवली. तिथला १०५३ नॅनोमीटरचा बीम शेवटच्या टप्प्यात ३५१ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात बदलला जातो, आणि काचांना हाच टप्पा सगळ्यात जड जातो. शॉटनंतर १० मीटर व्यासाच्या लक्ष्यकक्षाच्या मध्यापर्यंत एक कॅमेरा नेला जातो. तो तिथून वळून एकेका बीमच्या शेवटच्या काचांचे फोटो घेतो, आणि त्या काचा कडेतून उजळलेल्या असतात, वर सांगितल्याप्रमाणेच. साधारण ५० मायक्रोमीटरचे डाग त्यात पकडले जातात. चमकणारा प्रत्येक ठिपका खरा नसतो, म्हणून खरे आणि फसवे ठिपके वेगळे करायला संगणकाला शिकवलेलं आहे, आणि आजचा फोटो आधीच्या फोटोंशी ताडला जातो.

खरा डाग सापडला, की बीम जिथे अजून क्षीण असतो तिथेच एक छोटी सावली घालतात, म्हणजे पुढे त्या डागावर प्रकाश पडतच नाही. नंतर सवडीने काच उतरवून कार्बन डायऑक्साइड लेझरने जखम वितळवून गुळगुळीत शंकूसारखी करतात आणि काच पुन्हा वापरात आणतात. हे परवडतं कारण डाग लहान असताना सापडतो. वाढणारा डाग शॉटागणिक ठरावीक मिलिमीटरने वाढत नाही, पटीत वाढतो. समजा दर १० शॉटला व्यास दुप्पट होतोय. मग आज ५० मायक्रोमीटरचा असलेला ठिपका ५० शॉटनंतर १.६ मिलिमीटर झालेला असेल.

काय करायचं ते ठरवा, मग कारण शोधा

सापडलेला डाग वहीत नोंदवा आणि ठरावीक शॉट झाल्यावर तेवढ्याच उजेडात पुन्हा पाहा. वाढ नाही, कडेला आहे, बीमच्या बाहेर आहे, तर राहू द्या. आरशावरचा स्थिर डाग आरसा माउंटमध्ये फिरवून बीमबाहेर नेता येतो. मागच्या बाजूचा आणि वाढणारा असेल, तर काच त्याच दिवशी बदला. ‘एवढा आठवडा निघू दे’ म्हणू नका, कारण त्या डागाची सावली आणि कडी पुढच्या काचांवर नवे तापलेले ठिपके पाडत असते, आणि एका लेन्सची बचत तीन आरशांना महागात पडते.

काच बदलली, पण कारण तसंच राहिलं, तर नवी काचही त्याच जागी फुटेल. म्हणून बीम जिकडून येतो त्या दिशेला पाहत जा. आधीच्या काचेवर डाग आहे का? जवळ तेलाचा पंप, ग्रीस किंवा चिकटपट्टी आहे का, जिची वाफ काचेवर बसते? पुढच्या कुठल्या लेन्सचं परावर्तन मागे येऊन नेमकं इथे एकवटतंय का? कोटिंग नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. ५०० मिलिजूलचे ४ टक्के म्हणजे २० मिलिजूल, आणि ते एका बिंदूत एकवटले तर आरसा फोडायला पुरतात. लेन्स जरा तिरकी केली किंवा थोडी सरकवली, की हा त्रास बरेचदा मिटतो.

नोंद अशी दिसावी: ‘लेन्स ३, मागची बाजू, चार वाजता, मध्यापासून ६ मिमी, १२० मायक्रोमीटर, टवके आहेत, मागच्या वेळी ८० होता. बदलली.’ आणि उतरवलेली काच फेकू नका. डबीवर हीच ओळ लिहून कपाटात ठेवा. माझ्या कपाटात अशा वीसेक डब्या आहेत. नवीन कुणी आलं, की मी त्याच्या हातात टॉर्च देतो, खोली अंधारी करतो, एक डबी उघडतो आणि विचारतो: पुढची बाजू की मागची?